उसाच्या लाईनीवरचा डोमाजी

पळसटोल्याच्या शाळेत मी रुजू झालो त्या दिवशी मला पाहायला गावातून एकच माणूस आला, आणि खरं सांगायचं तर तोही मला पाहायला आला नव्हता. उंच, वाळलेला, गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात पितळी बटणांचा विटका निळा कोट आणि खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा. त्याने ओसरीचा पहिला खांब ठोकला, कान देऊन ऐकलं, मान हलवली. मग दुसरा ठोकला. मग तिसरा. चौथ्या खांबाला मी टेकून उभा होतो. त्याने मला हाताने बाजूला केलं, खांब ठोकला, आणि जाता जाता दोन बोटांनी माझ्या खांद्यावरही टक् टक् करून पाहिलं.

"खांब पक्का हाय," तो म्हणाला. "गुरुजी अजून कच्चा दिसते."

आणि निघून गेला.

हा डोमाजी. पूर्वी तो रेल्वेच्या छोट्या लाईनीवर चाबीवाला होता. रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरींना चाबी म्हणतात. गाड्या जाऊन जाऊन त्या सैल होतात. रोज आपल्या हद्दीतून चालत जायचं, प्रत्येक चाबी पाहायची, सैल झालेली ठोकून बसवायची, हे चाबीवाल्याचं काम. ती नोकरी सोडून डोमाजी आमच्या गावी कधी आणि का आला हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. त्याच्या हद्दीत गाडी रुळावरून पडली म्हणून काढून टाकलं, असं काही जण म्हणत. डोमाजीला कुणी विचारलं तर तो समोरची वस्तू ठोकायला लागायचा.

आमचा मुलूख धानाचा. पण पळसटोल्याच्या मोठ्या तलावाखाली मालगुजारांचा, म्हणजे गावच्या जमीनदारांचा, ऊस होता, आणि गुऱ्हाळ होतं दोन मैलांवर, स्टेशनाला लागून. गूळ तिथून थेट गाडीत चढायचा. पण ऊस तिथवर न्यायचा म्हणजे बांध्यांच्या, धानाच्या खाचरांच्या, चिखलातून न्यायचा, आणि बैलगाड्या आसापर्यंत रुतायच्या. म्हणून मालगुजारांनी कुठून तरी जुने, हलके रूळ विकत आणले, मातीचा भराव घातला आणि दोन मैलांची उसाची लाईन टाकली. इंजिन नव्हतं. चार लोखंडी ट्रॉल्या, ओढायला एक बैलजोडी आणि हाकायला फागू. ही लाईन सांभाळायला डोमाजीला ठेवलं होतं.

मालगुजारांना हवा होता रूळ सरकला तर सारखा करणारा माणूस. त्यांना मिळाली अख्खी रेल्वे. डोमाजीने लाल-हिरव्या झेंड्या शिवून घेतल्या. सकाळी एक फेरी, दुपारी एक फेरी. फेरी झाल्याशिवाय ट्रॉली हलायची नाही. ऊस भरलेला असो, बैल जुंपलेले असोत, डोमाजी दोन मैल जाऊन येईपर्यंत फागू बिड्या ओढत बसायचा. मग हिरवी झेंडी, मग शिट्टी, मग "लाईन साफ!" अशी आरोळी.

फागू तोंडाचा फटकळ. तो एकदा म्हणाला, "डोमाजी, बैलाले लाल न हिरवं सारखंच दिसते."

"बैलाले नाही दाखवून राहिलो," डोमाजी म्हणाला. "तुले दाखवून राहिलो."

"मले त दिसून राहिलं ना, रस्ता मोकळा हाय म्हणून!"

"ठोकून पाह्यलं काय?"

हे त्याचं पालुपद. कुणी सांगितलं, पोरीचं लग्न ठरलं, घर चांगलं आहे. डोमाजी विचारायचा, "ठोकून पाह्यलं काय?" कुणी म्हणालं, अमका माणूस भला आहे. "ठोकून पाह्यलं काय?" बाजारात मडकं, टरबूज, खाटेचा पाय, त्याच्या हातातून काही सुटायचं नाही. मी लग्न करून यमुनेला आणलं तेव्हा तो घरी आला आणि रुखवतातली पितळेची भांडी एकेक करून वाजवून पाहिली. पाण्याचा एक गुंड आतून चिरलेला निघाला. यमुनेच्या माहेरचे लोक गोंदियाजवळच्या गोरेगावकडचे, तिथेच बसलेले. त्यांची तोंडं उतरली. डोमाजी मात्र माझ्या बायकोकडे पाहून म्हणाला, "बाकी समदं पक्कं हाय माय," आणि चहा न घेता गेला. यमुना त्या दिवशी फार चिडली होती.

त्याचे सगळे नियम एकीकडे आणि एक नियम एकीकडे. ट्रॉलीवर माणूस बसायचा नाही. ऊस तोडणाऱ्या बाया दिवसभर राबून संध्याकाळी त्याच वाटेने परतायच्या. रिकाम्या ट्रॉल्या त्यांच्याच बाजूने जायच्या. पण एक बाई टेकली की डोमाजीची लाल झेंडी वर. बाया त्याला शिव्या घालायच्या. तो झेंडी खाली घ्यायचा नाही, उलट बोलायचाही नाही.

एका हिवाळ्यात मालगुजारांचे जावई नागपूरहून आले. त्यांना उसाच्या लाईनीची मौज दाखवायची म्हणून मालगुजारांनी ट्रॉलीवर गादी-तक्क्या मांडला, वर छत्री बांधली. जावईबापू पायांत चकचकीत पंपशू घालून बसले. फागूने नव्या झुली घातलेले बैल हाकले. दोनशे पावलांवर रुळांच्या मधोमध डोमाजी लाल झेंडी धरून उभा.

मालगुजार बाजूने घोड्यावर होते. ते ओरडले, "डोमा, बाजू हो! दिसत नाही का कोण बसलंय?"

"दिसून राहिलं मालक. माणूस बसला हाय."

"माझा हुकूम आहे."

"तुमचा हुकूम उसाले. माणूस असा जात नाही मालक. माणसाचा डबा अलग असते."

"काढून टाकीन तुला!"

"टाका ना जी. पर आधी जावईबापूले उतरवा."

बैलही थांबले ते थांबलेच. शेवटी जावईबापू उतरले आणि बांध्यांच्या कडेकडेने स्टेशनापर्यंत चालत गेले. पंपशूंचं काय झालं ते सांगायला नको. त्या संध्याकाळी गावभर हसू पसरलं. मालगुजार आठ दिवस धुमसत होते, पण डोमाजीला त्यांनी काढलं नाही. त्याच्या देखरेखीत एक ट्रॉली रुळावरून उतरली नव्हती, आणि त्याच्याशिवाय ती चालणार नाही हे त्यांनाही कळत होतं.

ऊस मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत चालायचा. पुढे आठ महिने लाईन नुसती पडून. पण डोमाजीच्या दोन फेऱ्या चुकल्या नाहीत. आषाढात डोक्यावर पळसाच्या पानांचा मोरा, म्हणजे इरलं, घेऊन तो भरावावरून चाललेला दिसायचा, टक्, टक्, टक्. शाळेतली मुलं गणितं सोडून त्या आवाजाचे ठोके मोजायची.

मी एकदा म्हटलं, "डोमाजी, ऊस नाही, ट्रॉली नाही. कुणासाठी एवढं चालता?"

त्याने हातोडा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "लाईन हाय ना, गुरुजी," एवढंच म्हणाला.

राहायचा एकटा. लाईनीच्या या टोकाला ट्रॉल्या ठेवायची कौलारू शेड होती, तिच्याच एका कोपऱ्यात त्याची चूल. त्याच्याकडे कुणी जेवायला बसलं किंवा तो कुणाकडे बसला, असं मी पाहिलं नाही. पोळ्याला यमुना त्याच्यासाठी ताट पाठवायची. ताट धुऊन, पुसून परत यायचं, निरोप काही नसायचा.

जावईबापू येऊन गेले त्यानंतरच्या भादव्यात आठ दिवस पावसाने उघडीप दिली नाही. तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला. बांध्या आणि रस्ता यांत फरक राहिला नाही, सगळीकडे पाणी. यमुनेला नववा महिना होता. पहिलीच खेप. माहेरी पाठवायचं ठरलं होतं, पण पावसाने वाट अडवली.

नवव्या दिवशी पहाटे तिला कळा सुरू झाल्या. दुरपता सुईण आली. उजाडल्यावर ती बाहेर येऊन पदराला हात पुसत मला म्हणाली, "गुरुजी, लेकरू आडवं हाय. माह्या हातचं काम नाही हे. गोंदियाच्या दवाखान्यात न्या हिले."

गोंदियाची गाडी स्टेशनात साडेनऊला यायची. स्टेशन दोन मैल. बैलगाडी चार हात पुढे जाणार नव्हती. खाटेवर घालून न्यावं तर कमरेएवढ्या पाण्यात कोण किती चालणार? तेवढ्यात दूरवरून टक्, टक् ऐकू आलं. डोमाजीची सकाळची फेरी सुरू झाली होती.

मी चिखलातून धावत गेलो. भरावावर चढताना दोनदा पडलो. त्याच्यापुढे उभा राहून मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "डोमाजी, ट्रॉली द्या."

 पावसाचं पाणी त्याच्या नाकावरून गळत होतं.

"माणूस नाही बसत त्याच्यावर," तो हळू म्हणाला.

"डोमाजी, मरेल हो ती!"

तो खाली रुळाकडे पाहत राहिला.  मला तेव्हा त्याचा इतका संताप आला की हातातला हातोडा हिसकावून त्याच्याच डोक्यात घालावासा वाटला. मग त्याचा हात कोटाच्या खिशात गेला. त्याने शेडची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. 

"गादी नोका टाकू, घसरते," तो म्हणाला. "तणस टाका जाड, वर वाकर. फागूले बलावा. बैल नाही लावायचे, बैल धक्का मारते. तुमी दोघं हातानं ढकला. मी समोर चालतो."

घरात जी गोधडी सापडली ती भाताच्या तणसावर अंथरली. यमुनेला तिच्यावर निजवलं, वर ताडपत्री घातली. दुरपता तिच्या उशाशी उभी राहणार होती, पण डोमाजी म्हणाला, वजन नको, चालत या. मी आणि फागू मागून ढकलू लागलो. पुढे डोमाजी, हातोडा आणि एक सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन. प्रत्येक सांध्याशी वाकायचा, ठोकायचा, हात मागे करून इशारा द्यायचा. आम्ही ढकलायचो. यमुना आधी कण्हत होती, मग ओठ चावून गप्प झाली. ते जास्त भयंकर होतं.

अर्ध्या वाटेवर सांडव्याच्या पाण्यावरची, छोट्या पुलासारखी मोरी होती. पाणी स्लीपरांना लागून वाहत होतं. डोमाजीने हात वर केला. आम्ही थांबलो. तो हातोडा ठेवून पाण्यात उतरला, छातीपर्यंत बुडाला, आणि स्लीपरांच्या खालून हात फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेला.

"गिट्टी वाहून गेली," तो वर पाहून म्हणाला. "एक टोक अधांतरी हाय."

फागू म्हणाला, "मंग उचलून नेऊ बाईले."

"पडाल. पानी ओढून राहिलं." डोमाजीने सब्बल मागून घेतली, स्लीपरच्या खाली घातली, दुसरं टोक खांद्यावर घेतलं आणि पाय रोवून उभा राहिला. त्याचा चेहरा काळानिळा झाला. "आता ढकला. हळू. थांबू नोका."

ट्रॉली मोरीवर गेली. रूळ किंचित दबला, कुरकुरला.  चाकं पलीकडे गेली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. तो अजून तसाच उभा होता, डोळे मिटून.

मग तो वर आला आणि पुन्हा पुढे चालू लागला. पण आता वेगळंच काहीतरी झालं. मोरीपर्यंत तो दहा पावलं पुढे असायचा, आता ट्रॉलीच्या अगदी पुढ्यात चालत होता. ठोकत होता आणि मान न वळवता बोलत होता. पाऊस आणि चाकांच्या आवाजात मला एक शब्द ऐकू आला नाही. मला वाटलं, म्हातारा देवाचं नाव घेतो आहे.

गुऱ्हाळाशी पोचलो तेव्हा गाडीने शिट्टी दिली होती. स्टेशन समोर दिसत होतं आणि गाडी हलू लागली होती.  डोमाजी पळाला. त्या वयात, त्या चिखलात तो जो पळाला तो थेट इंजिनासमोर रुळांत जाऊन उभा राहिला आणि कोटाच्या आतून लाल झेंडी काढून दोन्ही हातांनी ताणून धरली.

इंजिन करकरत थांबलं. ड्रायव्हर बाहेर डोकावून ओरडला, "कौन है बे? गाडी कायको रोकी?"

"सवारी हाय, साब," डोमाजी म्हणाला.

गार्ड रागाने उतरून आला, ट्रॉलीवर ताडपत्रीखाली पाहिलं, आणि त्याचा राग तिथेच संपला. त्याने स्वतःच्या डब्याचं दार उघडून दिलं. आम्ही यमुनेला उचलून आत ठेवलं. मी चढलो, दुरपता चढली. डोमाजी खालीच राहिला. आम्ही चढेपर्यंत त्याने झेंडी खाली केली नव्हती. मग बदलून हिरवी धरली.

गोंदियाला दुपारी मुलगी झाली. दोघी वाचल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी एक तास उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं.

महिनाभराने आम्ही परतलो तेव्हा मोरीखाली नवी गिट्टी भरलेली होती. त्या वर्षी ऊस सुरू झाल्यावर फागूने विचारलं, "आता त बसू दे ना, डोमाजी! गुरुजीची बाई बसली होती." डोमाजीने लाल झेंडी वर केली. नियम पुन्हा होता तिथे जाऊन बसला. बायांनी पुन्हा शिव्या घातल्या. मुलीला पाहायला तो एकदा आला, पाळण्याच्या कड्या ठोकून पाहिल्या आणि लगेच निघाला. यमुनेने मात्र त्याला त्या दिवशी सोडलं नाही. ओसरीत पाट मांडून बसवलं आणि वाढलं. तो खाली मान घालून जेवला. दोघं एकमेकांशी काही बोलले नाहीत. मला ते जरा विचित्र वाटलं होतं.

पुढे माझी बदली झाली. लढाई सुरू झाली, लोखंडाला मागणी आली, आणि मालगुजारांनी उसाची लाईन उपटून विकली. डोमाजी त्यानंतर फार दिवस राहिला नाही. फागूने कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पोस्टकार्ड आलं, त्यात एवढंच होतं की डोमाजी गेला, तापाने, दोन दिवसांत.

मी ते मोठ्याने वाचलं. यमुना तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"त्याची बायको भागरता," ती म्हणाली. "माझ्यासारखीच अडली होती."

"तुला कसं ठाऊक?" मी विचारलं.

त्या दिवशी मोरीनंतर ट्रॉलीपुढे चालताना डोमाजीने जे सांगितलं होतं ते तिने मला सांगितलं. भागरता अडली तेव्हा डोमाजी छोट्या लाईनीवर होता, जंगलातल्या गँगमनांच्या खोलीत राहत होता. लग्नानंतर नऊ वर्षांनी बाईला दिवस गेले होते. असाच पाऊस, अशीच वेळ. शेजारच्या शेडमध्ये साहेबांची ढकलट्रॉली उभी होती आणि कुलपाची किल्ली डोमाजीकडेच होती. पण हुकुमाशिवाय ट्रॉली काढायची नाही, तिच्यावर बाहेरचं माणूस बसवायचं नाही, हा नियम. साहेब दौऱ्यावर. डोमाजी हुकूम आणायला पुढच्या स्टेशनापर्यंत चार मैल चालत गेला. जाताना वाटेतल्या सैल चाब्याही ठोकत गेला, कारण तो ड्युटीवर होता. तारेने हुकूम मिळाला. तो घेऊन परत आला तेव्हा खोलीत दोन्ही जीव थंड झाले होते.

"'किल्ली माह्या कमरेलेच होती, माय,' असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता," यमुना म्हणाली. "त्यानंतर त्यानं नोकरी सोडली. मी कण्हत कण्हत विचारलं, मग इथं कुणाला बसू काऊन देत नाही? तर म्हणाला, 'नियम खोटा असंल त भागरता फुकट गेली ना, माय.'"

मी पोस्टकार्ड उलटं करून ठेवलं. मग विचारलं, "इतकी वर्षं तू मला का नाही सांगितलंस?"

"त्यानं मला सांगितलं होतं. तुम्हाला नाही."

"आणि तू काय म्हणालीस त्याला? त्या अवस्थेत?"

यमुनेने सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण तांदळाला हात लावला नाही.

"तो रडत होता. तुम्हाला मागून पाऊस वाटला असंल. माझ्या पोटात त कळ थांबून नव्हती राहिली. मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हटलं, बाबाजी, रडू नोका, समोरची पटरी दिसनार नाही."

"मग?"

"मग त्यानं बाहीनं डोळे पुसले," ती म्हणाली, "आणि पुढं चालू लागला."